नळाचं पाणी

पुंता अरेनासला वारा सुटला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
मीही दोर धरूनच कामावर येते.
सात वाजलेले, उजाडायचं अजून बाकी,
आणि बाटल्या धुवायला घेते.

काम एवढंच. एकदा साबणानं, एकदा आम्लानं,
मग तीनदा त्या पाण्यानं, ज्यात पाण्याखेरीज काही नाही.
एकदा मी ते चाखलं होतं.
बेचव. कुठून आलंय तेच विसरलेलं.

डॉक्टर यास्ना मिहोविलोविच पाणी फोडतात.
काठी मारून पाणी तुटत नाही, खरं आहे,
पण वीज सोडली की होतो काडीमोड:
हायड्रोजन एकीकडे, ऑक्सिजन दुसरीकडे,
आणि बोलणी करायला मध्ये धातू लागतो.
प्लॅटिनम मध्यस्थ चांगला, पण त्याची फी!
नखाएवढा पत्रा, तोही कुलपात,
काढताना वहीत सही, ठेवताना वहीत सही.
इरिडियमचं मी नुसतं नाव ऐकलंय.

म्हणून डॉक्टर निकेलच्या मागे.
निकेलचा करडा स्पंज, कात्रीनं कापायचा,
थेट माझ्या भांड्यांच्या घासणीसारखा.
ऑक्सिजनची बाजू भारी हट्टी.
दोन वर्षं पडद्यावरची रेघ
झोपलेल्या माणसासारखी आडवी.

जूनमध्ये शुद्ध पाण्याचं यंत्र बिघडलं.
फिल्टर सांतियागोहून यायचं,
वाऱ्यामुळे विमान उतरेना.
मी बाटली नळाखाली धरली.
आमचा नळ जुना, सकाळी आधी तांबडं येतं.
कुणाला कळतंय, म्हटलं.

त्या दिवशी रेघ उठून बसली.
स्पंजावर इतके बुडबुडे की करडं पांढरं दिसू लागलं.
डॉक्टरांनी बाल्तासारला हाक मारली, मग पुन्हा मारली,
तो शेजारीच उभा होता तरी.
त्या हसल्या. त्यांचा पुढचा दात थोडा तुटलेला आहे,
हे मला तेव्हा कळलं.

मग फिल्टर आलं. मी नीट धुवू लागले.
रेघ पुन्हा आडवी.

नऊ दिवस.
वीज तपासली, तापमान तपासलं,
तराजू उघडून पुन्हा बसवला.
धुणारीला कुणी विचारलं नाही.
मीही तोंड उघडलं नाही. नोकरी आहे ही.

घरी ओसिएलचा फोटो.
तीस वर्षं तो गोदीत बोटींचा गंज खरवडायचा.
कॉलरला गंज, उशीच्या अभ्र्याला गंज,
शेवटी शेवटी खोकल्यातही.
मी त्या रंगाशी आयुष्यभर भांडले, ब्रशनं, लिंबानं.
त्याचं काही भलं असेल, असं मनातही आलं नाही.

दहाव्या सकाळी मी सांगितलं,
बाटली हातात धरून, खाली बघत.
डॉक्टर काही बोलल्या नाहीत.
बाटली घेतली, नळ सोडला,
पहिलं तांबडं पाणी वाहून न घालवता
तेच भरून घेतलं.

लोखंड, त्या म्हणाल्या.
लाखात कणभर, निकेलच्या अंगात मुरतं
आणि सगळी बोलणी तेच करतं.
बाल्तासारनं रात्रभर जुने कागद चाळले.
हे इतरांना कधीच ठाऊक होतं, म्हणाला, पडेल आवाजात.
आपल्याला नव्हतं, डॉक्टर म्हणाल्या,
आणि चहा प्यायल्या, माझ्या कपातून, चुकून.

आता माझ्या फळीवर एक छोटी कुपी असते.
शुद्ध पाण्यानं तीनदा धुवायचं,
मग मोजून एक थेंब लोखंडाचा.
अंदाजानं नाही. मीठ नाही ते.
प्लॅटिनमच्या वहीखाली आणखी एक वही आली,
तिच्यात मी सही करते: नेलिदा बारिया, सात वीस.

संध्याकाळी वारा तसाच.
दोराचा खांब लोखंडी, समुद्रानं खाल्लेला.
तळहाताला तांबूस लागलं.
घरी जाईपर्यंत मी ते पुसलं नाही,
मग भांडी घासायची होती.